लेकरांच्या हाती बटवा: देवगिरी आणि वेरूळची सहल

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही परभणीहून छत्रपती संभाजीनगरला गेलो आणि देवगिरी, खुलताबाद, वेरूळ पाहून आलो. सोबत सासूबाई, १३ वर्षांची थोरली आणि ९ वर्षांचा धाकटा. किल्ल्याची आणि लेण्यांची माहिती पुष्कळ ठिकाणी मिळते. मला सांगायचंय ते लेकरांच्या पैशांबद्दल, कारण या सहलीत त्यांचा वरखर्च आम्ही पूर्णपणे त्यांच्याच हाती दिला होता.

सहलीला निघालं की दर दहा पावलांवर "आई, हे घे ना" सुरू होतं. आपण तीनदा नाही म्हणतो, चौथ्यांदा वैतागून घेऊन देतो. यातून लेकरू एकच शिकतं, की जास्त वेळ हट्ट केला की वस्तू मिळते. पैसे सांभाळायला शिकवायचं तर ते पैसे खरोखर त्याचे असले पाहिजेत, आपल्याला न पटणाऱ्या वस्तूवर उडवायची मुभा धरून. माझं हे मत पक्कं आहे आणि पूर्ण सहल आम्ही त्यावरच आखली.

आधी घरी बसून वाटणी केली. गाडीभाडं, मुक्काम, दोन वेळचं जेवण, नाश्ता, पाणी, तिकिटं, औषध आणि देवाचं पूजासाहित्य आमच्याकडे. दोन जेवणांमधलं खाणं, खेळणी, आठवण म्हणून घ्यायच्या वस्तू, मित्र-मैत्रिणींसाठी काही न्यायचं असेल तर ते त्यांच्याकडे. ही यादी कागदावर लिहून घ्याच. "कुल्फी कोणाच्या पैशातून?" हा वाद भर उन्हात, गर्दीत मिटत नाही.

रक्कम दोघांनाही सारखीच, दोन दिवसांचे ३०० रुपये. पण थोरलीला सगळे एकदम दिले आणि धाकट्याला रोज सकाळी १५०. नऊ वर्षांच्या लेकराला उद्याचं भान आजच ठेव म्हणणं जड जातं. एका दिवसापुरतं ते नीट ठेवू शकतं.

आता आजीचा प्रश्न. आपल्याकडे निघताना आजी, मामा, आत्या हातावर खाऊचे पैसे ठेवतातच आणि ते नाकारणं बरं दिसत नाही. शिवाय आजी सोबत असली की कनवटीचा पैसा मधेच कधीही बाहेर येतो. सासूबाईंना मी आधीच म्हणाले, "आई, तुमचे खाऊचे पैसे आत्ताच द्या, यातच धरू." त्यांनी दोघांना शंभर-शंभर दिले आणि आम्ही वर दोनशे घातले. वाटेत मग त्यांनी बटव्याला हात लावला नाही.

बँकेतून १० आणि २० च्या नोटा आणून ठेवा. फोनने स्कॅन करून पैसे दिले की लेकरांना पैसा जाताना दिसतच नाही, म्हणून आम्हीही त्यांच्यासमोर शक्यतो रोखीनेच व्यवहार केला. १० ची नाणी मात्र कमी न्या. रिझर्व्ह बँकेने सगळी चालतात असं सांगूनही आपल्या भागात बरेच दुकानदार ती घेत नाहीत, आणि त्या वादात लेकराला उभं करण्यात अर्थ नाही.

प्रवासातच पहिलं गणित निघालं. एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, महिलांना अर्धं, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. थोरलीने हिशेब मांडला: बाबा पूर्ण, आई अर्धी, ती अर्धी, भाऊ अर्धा, आजी शून्य. पाच माणसं, अडीच तिकिटं. आजीचं आधार कार्ड मात्र हाताशी ठेवा, वाहक मागतात. किल्ल्याच्या खिडकीवर असाच सुखद धक्का बसला. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. मोठ्यांना देवगिरीला २५ रुपये आणि वेरूळला ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर दोन्हीकडे ५ रुपये कमी.

आधी देवगिरी, मग वेरूळ हा क्रम मुद्दाम ठेवला. देवगिरीच्या पायथ्याला दुकानं मोजकीच, वेरूळला मोह जास्त. पायथ्याशी धाकट्याची नजर प्लास्टिकच्या तलवारीवर गेली आणि १०० रुपये तिथेच संपले. आम्ही दोघंही काही बोललो नाही. हे फार महत्त्वाचं आहे. "हे कशाला घेतलंस?" एवढं एक वाक्य आलं, की पुढची प्रत्येक वस्तू लेकरू आपल्या तोंडाकडे बघून घेतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. तलवार घेऊन तो चांद मिनारापासून मेंढा तोफेपर्यंत मोहिमेवर होता. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, मात्र त्याने बापाचा हात घट्ट धरला. (अंधारीसाठी टॉर्च न्या. खायचं काही उघड्यावर नेऊ नका, वरती वानरं आहेत. सासूबाई खालीच सावलीत बसल्या, तेच योग्य.)

खाली उतरल्यावर सीताफळवाल्या मावशींकडून दोघांनी अर्धे-अर्धे पैसे घालून ६० चा वाटा घेतला. २० चे पेरूही झाले. धाकट्याचा बटवा रिकामा! रसवंती दिसली आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "उद्या सकाळी मिळतील." तो रडवेला झाला. तेव्हा थोरलीने २० रुपये हातउसने दिले आणि वहीत लिहून ठेवलं. आम्ही मधे पडलो नाही. बहीण-भावात उधारी चालेल, पण ती लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी आधी फेडायची, एवढीच अट घातली. खुलताबादला निद्रिस्त भद्रा मारुतीचं दर्शन घेऊन मुक्कामी परतलो.

रात्री दोघांनी वहीत खर्च लिहिला. वस्तू आणि रक्कम, बस. शेरे नाहीत.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे लक्षात ठेवूनच बेत करा. दुसऱ्या दिवशी उधारी फेडून धाकट्याच्या हाती १३० राहिले होते आणि त्याचा नूर वेगळाच होता. प्रत्येक दुकानात भाव विचारायचा, "बघून येतो" म्हणायचा आणि पुढे सरकायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

१६ क्रमांकाचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचं, आठव्या शतकातलं. अखंड डोंगर वरून खाली कोरत आणलेला. ते पाहून बाहेर आल्यावर थोरलीला दगडच हवा होता. इथे विक्रेते स्फटिकांचे गोटे विकतात. आपल्या काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत असे स्फटिक तयार होतात. पहिल्याने २५० सांगितले, दुसऱ्याने २००. तिने मनाशी १२० ठरवले होते. "दादा, माझ्याकडे एवढेच आहेत यासाठी," असं शांतपणे सांगून ती वळली, तर त्याने हाक मारून दिला. मुलांना एवढंच सांगा, आकडा आधी ठरवायचा आणि समोरच्याच्या मालाला नावं ठेवायची नाहीत. उन्हातान्हात उभ्या माणसाशी पाच-दहा रुपयांसाठी ओढाताण मला स्वतःला आवडत नाही, तेही त्यांना सांगितलं. आणि हो, फार भडक गुलाबी किंवा निळा स्फटिक बहुधा रंगवलेला असतो.

पाकीटबंद वस्तूंची गोष्ट वेगळी. एका दुकानात २० च्या वेफर्सचे २५ मागितले. थोरलीने छापील किंमत दाखवून "काका, यावर २० लिहिलंय" म्हटलं आणि २० च दिले. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदेशीर आहे. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मुलांना हा फरक कळायला हवा. हाताने केलेल्या किंवा शेतातल्या मालाचा भाव बोलून ठरतो, पाकिटावरचा छापलेला असतो.

घृष्णेश्वराच्या वाटेवर "चपला इथेच ठेवा, फुकट" अशा हाका येतात. पण मग फुलांचं ताटही तिथूनच घ्यावं लागतं, म्हणून आत शिरण्याआधी त्याची किंमत विचारून घ्या. धाकट्याने दानपेटीत स्वतःचे दहा रुपये टाकले. तो खर्च आमच्याकडे होता, पण त्याला स्वतःचेच टाकायचे होते.

परतताना थोरलीकडे ६० आणि धाकट्याकडे ३० उरले. उरलेले पैसे परत मागू नका. ते लेकरांचेच, नाहीतर पुढच्या वेळी शेवटच्या दुकानात सगळं संपवून मोकळी होतात. थोरलीने ते पोस्टात टाकायचं ठरवलंय. १० वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं काढता येतं, सुरुवातीला ५०० रुपये लागतात. तिचे ४४० कमी आहेत, आणि संक्रांतीला मामा येणार आहे.