मेलची पहिली ओळ

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचं कोटेशन जर्मनीला जातं, वर 'रिस्पेक्टेड सर'. उघडणारी असते बाई. दर बघायच्या आधीच तिला कळतं, हाच मेल आणखी पन्नास जणांना गेलाय.

जर्मनमध्ये पहिली ओळख आडनावानेच. बाईंना 'झेर गेएर्टे फ्राउ म्युलर' (आदरणीय श्रीमती म्युलर), पुरुषांना 'झेर गेएर्टर हेर म्युलर'. जुना मेल कॉपी करताना 'फ्राउ'चं 'हेर' होतं, पण 'गेएर्टे' तसंच राहतं; चूक हमखास होते ती इथेच. सहीत डॉक्टर असेल तर 'फ्राउ डॉक्टर म्युलर'. पुढे स्वल्पविराम, आणि खालची ओळ नामाने किंवा आदरार्थी 'झी', 'ईर'ने (तुम्ही, तुमचं) सुरू होत नसेल तर छोट्या अक्षरात. कॉम्प्युटर ते आपोआप मोठं करतो, हाताने बदलावं लागतं. नावच माहीत नसेल तर 'झेर गेएर्टे दामेन उंड हेरेन'. मेल इंग्रजीत असला तरी आडनाव सोडू नये. 'डिअर अॅना'वर यायचं ते तिने स्वतः नुसत्या 'अॅना'ने सही केल्यावर.

बाई की पुरुष हेच कळत नसेल तर इंग्रजीत सरळ पूर्ण नाव लिहावं. तेलुगूत हा घोळच नाही, नावानंतर लावायचं आदराचं 'गारू' दोघांनाही चालतं. कन्नडचं 'अवरे'ही तसंच. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या कुणाला हे वेगळं सांगायला नको. फक्त तेलुगू नावात आडनाव आधी येतं, तेही बहुधा नुसत्या आद्याक्षरात, म्हणून 'गारू' लावायचं ते त्यानंतर येणाऱ्या स्वतःच्या नावाला. जपानी 'सामा'लाही बाई-पुरुष भेद नाही. मात्र कंपनीला लिहिताना 'ओन्चू', आणि माणसाचं नाव घातलं की 'ओन्चू' काढायचं. दोन्ही एकदम नाही.

स्वतःच्या सहीत 'श्री.' किंवा 'मिस्टर' लावायची आपली सवय मात्र कुठल्याच भाषेत शोभत नाही.

मराठीत गंमत वेगळी. वर 'मा. महोदय' आणि खाली 'लवकर पाठवा'! मायना चढवला की क्रियापदही चढवावं लागतं: 'पाठवावे, ही विनंती'. रोजच्या व्यवहारातल्या सूतवाल्याला 'महोदय' लिहिलं तर तो म्हणेल, आता काय नोटीस काढताय का? त्याला 'नमस्कार शेठ' पुरे. 'स.न.वि.वि.' आमंत्रणाला छान, थकबाकीच्या मेलला विचित्र दिसतं. तिथं 'नमस्कार', आणि लगेच बिलाचा नंबर.