नऊ मुलं, दहा रांगा

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात गणपतीत दुपारभर स्पर्धा चालायच्या. लिंबू-चमचा, पाठांतर, संगीत खुर्ची. मी वर्षभर वाट बघायचे ती मात्र सरांच्या कोड्यांची. वरच्या मजल्यावरचे सर गणिताचे निवृत्त शिक्षक. सुपाऱ्यांची पुरचुंडी घेऊन चौकात मांडी घालून बसायचे.

"दहा सुपाऱ्या, पाच ओळी, प्रत्येक ओळीत चार. मांडा!"

"सर, वीस लागतील!"

आमच्या डोक्यात ओळ म्हणजे शाळेतल्या प्रार्थनेची रांग, शेजारच्या रांगेला न शिवणारी. ज्यांच्या दारात रोज ठिपक्यांची रांगोळी असायची, त्या मुलींना आधी उमगलं: एक ठिपका दोन रेघांचा असू शकतो. मग हात न उचलता काढतात ती चांदणी आली. टोकांवर पाच सुपाऱ्या, रेघा छेदतात तिथे पाच. प्रत्येक सुपारी दोनदा मोजली की वीस भरतात.

एका वर्षी सरांनी आम्हालाच उभं केलं. नऊ मुलं, दहा रांगा, प्रत्येकीत तिघं. तीन-तीनचा चौकोन केला. आडव्या तीन, उभ्या तीन, तिरक्या दोन. आठ! पुढे गाडं हलेना. तेवढ्यात मधल्या रांगेतला कडेचा छोटू ऊन लागतं म्हणून आत सरकला, मधल्या मुलाच्या निम्म्या अंतरावर. सर ओरडले, "थांब, हलू नकोस!" आणि समोरच्या कडेच्या मुलालाही त्यांनी तेवढंच आत घेतलं. कडेच्या दोन उभ्या रांगा मोडल्या, पण कोपऱ्यातून त्या दोघांवरून समोरच्या रांगेच्या मध्यावर जाणाऱ्या चार नव्या झाल्या. आम्ही सुतळ्या ताणून धरल्या. मधल्या उभ्या रांगेतल्या तिघांकडे चार-चार, बाकी सहांकडे तीन-तीन. १२ आणि १८, मिळून ३०. बरोबर दहा रांगा! तो आरडाओरडा अजून कानात आहे.

झाडं लावण्याची अशी कोडी १८२१ सालच्या एका इंग्रजी पुस्तकातही आहेत, हे मला फार नंतर कळलं.

आता वाड्याच्या जागी इमारत आहे, गणपती पार्किंगमध्ये बसतो आणि कोडी मी घालते. गेल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलीला सात सुपाऱ्या दिल्या: सहा ओळी, तीन-तीनच्या. तिने त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर तीन मांडल्या, बाजूंच्या मध्यावर तीन, आणि सातवी मुठीत धरून बसली. सांगावंसं फार वाटत होतं. नाही सांगितलं. आरतीची घंटा वाजली, सगळे उठले. ती तशीच फरशीकडे बघत होती.