साहेब, तुमचं पाकीट कुठंय?

काल कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मागून हाक आली, "साहेब, कान तपासले का?" वळून बघतो तर आमच्या प्रेस शॉपमधला (जिथं मशीनवर पत्रा दाबून भाग काढतात) जुना ऑपरेटर, बोटाला नातू. भेटला की पहिला प्रश्न हाच. दोष माझाच आहे, म्हणून चिडता येत नाही.

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात (नाव लिहीत नाही) मी प्लांटचा प्रमुख झालो तेव्हा पाचशेच्या वर माणसं होती. ५०० च्या वर कामगार गेले की तेव्हाच्या १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे अँब्युलन्स रूम लागायची. ती होती. खाट, स्ट्रेचर, एक कंपाउंडर आणि कपाटात वर्षावर्षाच्या तपासण्यांचे गठ्ठे. इन्स्पेक्टर येणार असला की त्यांच्यावरची धूळ झटकायची, एवढंच.

मी हौसेनं मोठं शिबिर घेतलं. रक्तदाब, साखर, कानाची ऑडिओमेट्री. नेमकी त्या दिवशी प्रेस शॉपमधली निम्मी माणसं रजेवर! मला वाटलं, लग्नाची तिथी असेल. चहाच्या वेळी कंपाउंडर हळूच म्हणाला, "साहेब, रिपोर्ट एचआरकडे जातात ना. साखर निघाली की कंत्राटी पोराचा गेटपास पुढे वाढत नाही. कायम माणसाला हलक्या कामावर टाकतात, मग त्याचा ओव्हरटाइम बुडतो." खरंच होतं ते. एचआरला प्रत पाठवायच्या कागदावर सही माझीच होती.

पुढच्या वर्षीपासून रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. कायद्यानं ठेवायची नोंदवही डॉक्टरांच्या कुलपात. मला फक्त आकडा, १४०/९० च्या वर बीपी असलेले किती. एचआरवाले महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. तिसऱ्या पाळीची तपासणी सकाळी सातला, सुटता सुटता. डबा रात्री अकराच्या आत संपवून यायचा, मग पोटात काही नाही. त्या वर्षी रांग पार टाइम ऑफिसपर्यंत गेली.

कानाचं मात्र सहज जमलं नाही. आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा, आणि आमच्या मोठ्या प्रेसजवळ शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. कानात घालायचे प्लग दिले, ते सगळ्यांच्या गळ्यात तुळशीच्या माळेसारखे. मी रागावलो तेव्हा हाच ऑपरेटर म्हणाला, "साहेब, प्रेसमधली डाय, म्हणजे साचा, अडायला लागली की आधी आवाज बदलतो. कान बंद केले तर कळणार कसं? बोट जाईल." इतकी वर्षं मी शॉपवर फिरलो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्थात मी विचारलंही नव्हतं. मग प्रेसखाली रबरी पॅड, भोवती आवाज अडवणारे पॅनेल. त्याला दोन बजेट गेली. मुंबईच्या मीटिंगमध्ये मला विचारलं होतं, "यातून उत्पादन किती वाढेल?" मी काहीतरी आकडा ठोकून दिला.

पाकिटं वाटायच्या दिवशी हा पठ्ठ्या सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, तुमचं पाकीट कुठंय?" पाकीट नव्हतंच. रांगेला मी कधी उभाच राहिलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी बीपी आणि साखर करून घेतली. बीपी निघाला, गोळी अजून चालू आहे. कानाचं राहिलं ते राहिलंच.

"या आठवड्यात नक्की जातो," मी काल त्याला म्हणालो.

"पाडव्यालाही हेच म्हणाला होतात."

तेवढ्यात नातू माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. "काय?" मी विचारलं. तो परत बोलला. मी परत विचारलं, "काय?"

ऑपरेटर काही बोलला नाही. नुसता हसत उभा राहिला.