तुम्ही विचारलंत म्हणून: डोकं लूपसमुळे दुखतं की टेन्शनमुळे?

हा प्रश्न मला घरी विचारतात, ऑफिसात विचारतात. परवा परळला ओपीडीच्या रांगेत एका मावशींनी विचारला. त्यांच्या लेकीला नुकताच लूपस निघालाय. "सारखी डोकं धरून बसते. आजारच आहे हा, की मनाला लावून घेतेय?"

मावशी, मला नऊ वर्षं झाली. त्यातली दोन वर्षं मी ह्या 'की'मध्येच घालवली.

लूपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते: सांधे, त्वचा, मूत्रपिंडं, कधी मेंदूसुद्धा. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली लूपसमध्ये मेंदू, नसा आणि मनाला होणाऱ्या १९ त्रासांची यादी केली. तिच्यात डोकेदुखी आहे, तशीच चिंता आणि नैराश्यही आहे. पुढे २००४ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लूपस नसलेल्यांचंही डोकं जवळपास तितकंच दुखतं असं दिसलं. म्हणूनच डॉक्टर म्हणाले, तुझी ही अर्धशिशी आहे, तिला अर्धशिशीचेच उपचार देऊ. मला रडू आलं. एवढं सोसतेय, आणि नाव इतकं साधं?

सोसणं साधं नव्हतं. दादरचा पूल उन्हात चढायचा, आणि ऊन तर लूपसला मुळीच चालत नाही. लेडीज डब्यात शेजारची बाई मायेने बाम पुढे करायची, त्या वासानेच पोटात ढवळायचं. चेहरा ठणठणीत, त्यामुळे बसायला जागा मागायची चोरी. मग केमिस्टकडून आणलेली गोळी. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस गोळी! इतक्या वेळा घेतल्या की त्या गोळ्याच डोकं दुखवायला लागतात, शिवाय मूत्रपिंडांवर ताण येतो, हे मला फार उशिरा कळलं.

डॉक्टरांनी वही ठेवायला लावली. कधी दुखलं, आदल्या रात्री झोप किती, काय खाल्लं. तीन महिन्यांनी पानं उलटली, तर रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री आणि लूपसवरचं स्टेरॉइड वाढवल्याचे आठवडे ओळीने भरलेले. स्टेरॉइडने झोप उडते, मन सैरभैर होतं. डोकं ठणकलं की मला वाटायचं, आजार मेंदूत चढला. त्या भीतीने झोप जायची, आणि झोप गेली की सकाळी पुन्हा ठणका. ह्यातलं लूपसचं किती, मनाचं किती, कसं वेगळं काढणार? समुपदेशनाला जायला लागले तेव्हा आमच्याकडे कुजबुज झाली. मला मात्र तिथे पहिल्यांदा "भीती वाटते" असं मोठ्याने म्हणता आलं. तिथे जाणं जमत नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पडत नाहीत.

एक मात्र अंगावर काढू नका. अचानक, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, किंवा सोबत ताप, मान आखडणं, झटका, अंधुक दिसणं, हातपाय लुळे पडणं असं काही झालं, तर लगेच हॉस्पिटल गाठा. लूपसमध्ये काहींच्या रक्तात गुठळ्या होतात, आणि आमच्या औषधांनी जंतुसंसर्गही पटकन होतो.

आणि मावशी, "लावून घेतेस का" असं लेकीला विचारू नका. रात्री झोप लागते का, तेवढं विचारा. मला हे विचारणारं कोणी भेटलं, तोवर दुसरं वर्ष सरत आलं होतं.