तुम्ही विचारलंत म्हणून: "मॅडम, तुमची बॅटरी बाजारात कधी येणार?"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारून झालं, भाचीच्या लग्नात विचारून झालं, मागच्या महिन्यात तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबून विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

माझी बॅटरी बिटरी काही नाहीये. बॅटरीत जी पावडर जाते तिच्यात अणू कुठे कसे बसलेत ते मी बघते, बास. कारकुनी वाटते ना? पण इलेक्ट्रिक बसमध्ये असते ती लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. तिच्यात लिथियमला ये-जा करायला बोळ आहेत, तेही सगळे एकाच दिशेचे, आणि लोखंडाचा एक अणू चुकून लिथियमच्या जागी बसला की बोळ बंद, पेठेत कुणी टेम्पो आडवा लावावा तसा. हा पदार्थ खनिज म्हणून एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता, बॅटरीत चालतो हे पाधी आणि गुडइनफ या शास्त्रज्ञांच्या पेपरमधून कळलं 1997 मध्ये, आणि तुमच्या रस्त्यावर बस कधी आली ते तुम्हीच मोजा.

हे मी सगळ्यांना सांगते आणि माझं स्वतःचं काय ते शिताफीने टाळते.

तर 2013. आम्ही लिथियमऐवजी सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीच्या पावडरीमागे होतो, लोखंड आणि मँगनीजचा थराथरांचा ऑक्साइड, आदल्याच वर्षी जपानी ग्रुपचा पेपर आलेला त्यामुळे सगळेच धावत होते. आमच्या एक्सआरडीत (पावडरीवर एक्स-रे सोडून अणूंची मांडणी बघायची पद्धत) 12.6 डिग्रीच्या कोनाला एक नवा पीक, म्हणजे आलेखातलं टोक, आला. एरवी पहिला मोठा पीक 16 च्या आसपास असतो. कोन कमी म्हणजे थरांमधलं अंतर जास्त, ते साडेपाच अँगस्ट्रॉमचं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) सात झालेलं, नवीन फेज, म्हणजे अणूंची नवीच रचना! आठ दिवसांत मी पेपर लिहून पाठवला. डिसेंबरमध्ये कॉन्फरन्सला एका वयस्कर सरांनी मागच्या रांगेतून शांतपणे विचारलं, "सॅम्पल डेसिकेटरमध्ये होतं ना?"

मी म्हटलं, "हो सर."

नव्हतं. डेसिकेटर म्हणजे ओलावा लागू नये म्हणून सॅम्पल ठेवायचं बंद भांडं, आणि गणपतीच्या सुट्टीत सॅम्पल होल्डर तीन दिवस टेबलावर उघडा पडला होता, पुण्याच्या ओल्या हवेत, आणि हे माझ्या विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात लॉगबुकमध्ये लिहून ठेवलं होतं, ते मी वाचलंही होतं. असले ऑक्साइड हवेतलं पाणी थरांमध्ये ओढून घेतात हे मी एमएस्सीच्या पोरांना शिकवते हो! परत आल्यावर तीच पावडर 200 डिग्रीला व्हॅक्यूममध्ये तापवली. 12.6 चा पीक गायब. म्हणजे नवीन फेज बिज काही नाही, नुसतं पाणी. पेपर रिव्ह्यूतूनच मागे घेतला. त्या मुलाचं वर्ष गेलं. तो आता बॅटरीचे सेल बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, दिवाळीला मेसेज करतो, त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नाही, आणि मीही त्याला अजून सॉरी म्हटलेलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक सॅम्पल तीनदा बघते. याला मी बरीच वर्षं शिस्त म्हणत आले. 2013 ची मी आज समोर आली तर म्हणेल, बाई, ही शिस्त नाही, तू घाबरलीयेस, तिकडे चीनमध्ये सोडियमच्या बॅटरीवर गाड्या धावायला लागल्या आणि तू अजून पीकच मोजतेयस. मी म्हणेन, तुझ्यामुळेच. ती म्हणेल, दहा-बारा वर्षं झाली गं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण चुकीच्या स्ट्रक्चरवर सेल बांधायला मी आजही देणार नाही, हेही तितकंच खरं.

डॉक्टरांना मी हाताची पाच बोटं दाखवली. ते म्हणाले, "वा, पाचच वर्षं!" नंतर कापूस काढला, तेव्हाही मी काही बोलले नाही.