०.५ टक्के आणि "सगळ्याच्या वर काय असणार?"

काल सातवीच्या वर्गात ६०० चे ०.५ टक्के काढायला दिले आणि अर्ध्याहून जास्त वह्यांत उत्तर आलं ३००. यायला हवं होतं ३. आदल्याच दिवशी याच मुलांनी ४०%, ७५% धडाधड काढले होते, म्हणजे गणित कच्चं नाहीये, पण ०.५ दिसलं की डोक्यात "अर्धा" येतं आणि पुढचं टक्क्याचं चिन्ह दिसतच नाही. अर्धा टक्का म्हणजे एका टक्क्याचा अर्धा, दोनशेतला एक, हे त्यांना कधी कोणी दाखवलंच नाही आणि त्यात मी पण आले.

पुढचं उदाहरण ४० चे २५०%. एरवी फारसं न बोलणारी एक मुलगी उभी राहिली, "बाई, हे चुकलंय. शंभर टक्के म्हणजे सगळं ना? मग सगळ्याच्या वर काय असणार?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिचं म्हणणं खरंच होतं ना, आपण बोलताना सुद्धा "शंभर टक्के येणार" म्हणतो तेव्हा त्याच्या पुढे काही उरत नाही, मार्कही शंभराच्या वर जात नाहीत. आणि आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं "टक्के म्हणजे शंभरपैकी" एवढंच घोकून घेतो. "पैकी" म्हटलं की पिशवीतून काढायचं, मग पिशवीत आहे त्यापेक्षा जास्त निघणार कसं? सरावाची उदाहरणं पण ५ ते ९५ च्या मध्येच फिरत असतात. आणि "पॉइंट दोन घरं डावीकडे सरकवा" हा शॉर्टकट पाचवी-सहावीतच शिकवून मोकळे होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, मुलं सरकवतात आणि उत्तर मोठं आलं की लहान हे बघत पण नाहीत.

शेवटी पुस्तक मिटलं आणि मिलिमीटरवाले आलेख कागद वाटले. १० सेंमी बाय १० सेंमीचा चौकोन आखा, हे आपलं "सगळं". सेंमीचा एक चौकोन १ टक्का. त्याच्या पोटात मिमीचे १०० बारीक चौकोन, म्हणजे अख्ख्यात १०,०००, आणि एक बारीक चौकोन ०.०१%. आता यात कोरडी हवा रंगवा म्हटलं. नायट्रोजन सुमारे ७८ मोठे चौकोन, ऑक्सिजन जवळजवळ २१. उरलेल्या एका चौकोनात अरगॉनचे ९३ बारीक. कार्बन डायऑक्साइड ०.०४%, फक्त चार बारीक चौकोन! एकाने आधी चार मोठे रंगवले होते, शेजाऱ्याचा कागद बघून त्याने खोडायला घेतले. पेन्सिलींना नव्याने टोकं काढली तेव्हा कुठे ते चार चौकोन नीट भरता आले, आणि सगळी झाडं अन्न बनवायला हवेतून एवढंच उचलतात म्हटल्यावर वर्ग गप्प झाला.

२५०% साठी दुसरा कागद जोडला, मग तिसऱ्याचा अर्धा. "सगळं" कशाला म्हणायचं ते आधी ठरवायचं आणि दुसरी वस्तू त्याच्याशी ताडून बघायची. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट, पृथ्वी एक कागद धरली तर गुरूला ३१८ कागद लागतील, ३१,८०० टक्के. ती मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे शंभरपैकी नाही, शंभराच्या मानाने." इतकी वर्षं मी शिकवतेय आणि हा शब्द मला सुचला नव्हता, तो मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला.

मग रोपाचं उदाहरण घेतलं, ५ सेंमीचं रोप १५ सेंमी झालं. आधीच्या ३००% झालं पण वाढलं २००% ने, यावर दोन बाकांत भांडणच लागलं. "मग २०० टक्क्यांनी कमी होईल का?" असं मागून कोणीतरी विचारलं आणि घंटा झाली. १०० टक्क्यांनी कमी झालं की रोपच उरत नाही, हे आज सकाळी त्यांनीच सांगितलं.

पण आज परत ६०० चे ०.५% दिले आणि एका मुलाचं पुन्हा ३००. रंगवलेला कागद त्याच्या वहीखालीच होता. मी बाजूला बसले.
"६०० चा १ टक्का किती?"
"६."
"अर्धा टक्का?"
"३."
"मग हे ३०० कुठून आलं?"
"बाई, पॉइंट आधीच होता ना, म्हणून परत सरकवला नाही."