झोपाळा, पेढा-बर्फी आणि वाशिष्ठीचं पाणी : आमची वाटचाल

चिपळूण-गुहागर पट्ट्यात डोहाळजेवणाची सजावट करणारे आता गल्लोगल्ली झाले आहेत. फुग्यांची कमान, 'आई होणार' लिहिलेला बोर्ड, दोन एलईडी माळा आणि मधे खुर्ची, की झालं काम. आम्ही 2014 साली सुरुवात केली तेव्हा भाड्याने मिळायचे ते चौरंग, समया आणि हळदीकुंकवाच्या वाट्या. झोपाळ्यावरचं, होडीतलं, चांदण्यातलं, बागेतलं ही डोहाळजेवणाची नावं घरोघरी ठाऊक होती, पण भाड्याने झोपाळा द्यायला मंडपवाले नाही म्हणायचे. सात महिन्यांच्या गर्भारणीची जोखीम कोण घेणार? ती आम्ही घेतली. कशी घेतली ते फोटो बघून कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

आमची चौकट खेर्डीच्या एका वेल्डरदादांच्या हातची आहे. दोन इंची गोल पाइप, बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा. उंची सात फूट, रुंदी पाच आणि दोन पायांमधला फाका चार फूट. फाका कमी केला की चौकट टेम्पोत छान बसते, पण झोपाळा हलताच पुढे झुकते. आडव्या दांड्याला 12 एमएमचे बोल्ट, स्प्रिंग वॉशर आणि वर चेक नट, म्हणजे पहिला सैल होऊ नये म्हणून आवळलेला दुसरा नट. वॉशर नसेल तर हलण्याने नट सैल होतो आणि कार्यक्रम संपेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. साखळी आणि कडी जोडायला एस आकाराचा हूक आम्ही कधीच लावला नाही. फळी एका बाजूने उचलली की हूक निसटतो. डी-शॅकल, म्हणजे पिनने बंद होणारा डी आकाराचा जोड, लावायचा, त्याची पिन पान्याने आवळायची, वरून तार फिरवायची. मग फुलं.

फळी फणसाची, दीड इंच जाड, चार फूट लांब, वीस इंच रुंद. जमिनीपासून सोळा इंचांवर, कारण बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. मागच्या काठाला नायलॉनची दोरी बांधून खालच्या दांड्याला अडकवतो, म्हणजे झोपाळा वीतभरच हलतो. बघणाऱ्यांना वाटतं अख्खा झोका चालू आहे. दरवेळी निघण्याआधी फळीवर तीन सिमेंटची पोती, म्हणजे दीडशे किलो, अर्धा तास ठेवतो. सारवलेल्या अंगणात पाय रुततात, तेव्हा प्रत्येक पायाखाली फूटभर फळकूट हवंच. जांभ्याच्या फरशीवर चौकट डुगडुगते, तिथे एका पायाखाली पाचर. घरमालक म्हणतात, 'कशाला एवढं, पंधरा मिनिटांचा तर फोटो.' त्या पंधरा मिनिटांसाठीच.

2018 ला थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्या चंद्रकोरी, मोर, होडीच्या नाळी एका फटक्यात बाद झाल्या. पुढच्या आम्ही प्लायच्या केल्या. काही साध्या, फक्त दमटपणा सोसणाऱ्या एमआर ग्रेडच्या, काही पाण्यातही टिकणाऱ्या बीडब्ल्यूपीच्या. हा फरक पुढे फार कामाला आला.

मधली वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

22 जुलै 2021, वाशिष्ठी नदीचा पूर. चिपळूणकरांना तारीख पुरे. आधीच कोविडचं दुसरं वर्ष, हॉल बंद, कार्यक्रम घरातल्या घरात. त्यात आमचं गोदाम बाजारपेठेत, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर आत गुडघाभर गाळ आणि त्यात उभी रुतलेली होडी. खणांचा हिरवा रंग पांढऱ्या साटिनवर उतरला होता. एमआरच्या चंद्रकोरी पुस्तकाच्या पानांसारख्या सुटल्या होत्या. बीडब्ल्यूपीच्या दोन्ही नाळी धुतल्यावर जशाच्या तशा निघाल्या. प्लाय घेताना चार पैसे वाचवायला सांगणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका.

पुरातलं सामान वाचवण्याची रीत सांगतो, कारण पूर पुन्हा येणारच. कापड आधी नुसत्या पाण्यात, गाळ पूर्ण निघेपर्यंत. साबण लगेच लावला की माती धाग्यात बसते. लाकडी फळी उन्हात टाकायची नाही, तडकते किंवा वाकते. सावलीत, खाली-वर पट्ट्या देऊन, वर वजन ठेवून सुकवायची. लोखंडी पाइपचा घात बाहेरून दिसत नाही. बोल्टच्या भोकातून आत गेलेला गाळ खालच्या टोकाला साचतो आणि पाइप आतून गंजतो. तळाला भोक पाडून पाणी सोडायचं, सुकल्यावर हातोडीने ठोकून ऐकायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तेवढा पाय कापून नवा जोडायचा. वेल्डरदादांनी आमच्या चौकटीचे चारही पाय बदलले आणि पैसे दिवाळीनंतर घेतले. त्यांचंही वर्कशॉप काही कोरडं नव्हतं.

विम्याचं सांगायलाच हवं. हप्ता वेळेवर, कागद पूर्ण, पण पॉलिसीवर पत्ता फक्त दुकानाचा लिहिलेला. एजंटला गोदाम दाखवलं होतं, तरी त्याने तिथला पत्ता लिहिला नाही. सामान गोदामात बुडालं म्हणून दावा फेटाळला. तुमची पॉलिसी आज काढून बघा, जिथे जिथे माल असतो तो प्रत्येक पत्ता त्यावर आहे का ते.

लग्नाची तारीख ढकलता येते, सातवा महिना ढकलता येत नाही. श्रावणातल्या सगळ्या तारखा आगाऊ घेतलेल्या होत्या. ज्यांनी पैसे परत मागितले त्यांना दिले. आणि नेमक्या त्या आठवड्यात आमच्याच टेम्पोवर काम शिकलेल्या एका माणसाने आमच्या ग्राहकांना फोन लावले, 'त्यांचं सगळं वाहून गेलं, मी करून देतो.' नाव लिहीत नाही, इथे सगळ्यांना ठाऊक आहे. धंद्यात स्पर्धा असावी, पण गाळ उपसणाऱ्याच्या पाठीमागून त्याची वही वाचू नये.

तारीख रद्द न करणारं एक घर होतं मार्गताम्हाण्याचं. तिथल्या काकूंनी आधीच्या दोन सुनांची डोहाळजेवणं आमच्याकडून करून घेतली होती आणि दोन्ही वेळा तोंडावर चुका काढल्या होत्या. त्यांचा निरोप आला, 'चौकट उभी राहत असेल तर तेवढी आणा, बाकी आमच्या परड्यात आहे.' आणि खरंच होतं. केळीचे खांब, आंब्याचे टाळे, पोफळीच्या झावळ्या. कुंभार्ली घाटातून येणारी फुलांची गाडी तेव्हा भरवशाची नव्हती, म्हणून दागिने सोनटक्क्याचे केले. सोनटक्का उमललेला काढला तर तासाभरात मान टाकतो. दुपारी मिटलेल्या कळ्या काढायच्या, ओल्या फडक्यात ठेवायच्या आणि केळीच्या सोपटाने गुंफायच्या. दोरा देठ कापतो, सोपट कापत नाही. संध्याकाळी पाच-सहाला बाजूबंद अंगावरच उमलतात. कंबरपट्ट्याला मागे वीतभर मोकळी नाडी ठेवायची, कारण आठवड्यापूर्वी घेतलेलं माप त्या दिवशी चुकतंच. निशिगंध घरात आणण्याआधी गर्भारणीला विचारायचं. त्या वासाने कितीजणींना मळमळतं.

काकूंनी पूर्ण पैसे दिले, सूट मागितली नाही. त्या सोनटक्क्याच्या दागिन्यांचा फोटो महिनाभरात वर सांगितलेल्या गृहस्थांच्या स्टेटसवर 'आमचं काम' म्हणून झळकला. मागे आमच्या चौकटीचे नवे जोडलेले पाय स्पष्ट दिसत होते.

खेळांचा डबाही पुरात गेला, तो मात्र आधीपेक्षा चांगला झाला. यातही काकूंचा हात आहे. बाळंतविड्याचे जिन्नस डोळे बांधून ओळखण्याचा खेळ त्यांनी सुचवला. आठ वाट्या लागतात. ओवा, बाळंतशोपा, सुंठ, जायफळ हे चार वासाने, आणि डिंक, हळीव, खसखस, मेथी हे चार हाताने. आठही वासावर ठेवले तर खेळ पडतो, डिंक-खसखशीला वास असतो किती? वासाच्या चारांत ओवा शेवटी, नाहीतर त्यानंतर नाकाला दुसरं काही कळत नाही. वाटीवर मलमल बांधायचं. हळिवाआधी हात पुसायला कोरडं फडकं द्यायचं, कोकणातल्या घामट हाताला हळीव चिकटतो आणि ओळखू येतो, बक्षीस फुकट जातं.

दुपट्यात बाळ गुंडाळण्याचा खेळ सगळे घेतात, पण प्लास्टिकची हलकी बाहुली घेऊन. तिला कोणीही गुंडाळील. बाहुलीचं पोट उसवून त्यात तांदूळ भरा, वजन अडीच-तीन किलो करा आणि मान सैल सोडा. मग बघा, मानेखाली हात घालणारी कोण आणि उचलून धरणारी कोण. सासवा जिंकतात, तरुण मुली हरतात, आणि हास्याचा धबधबा होतो. गर्भारणीचा नवरा स्पर्धेत हवाच.

हाऊजीची तिकिटं आम्ही शब्दांची करतो: झबलं, टोपडं, कुंची, वाळे, मनगट्या, अंगाई, धुरी असे तीस शब्द, प्रत्येक तिकिटावर नऊ. चाळीस बायका असतील तर बाविसाव्या शब्दाच्या आसपास फुल हाऊस होतं, म्हणजे दहा-बारा मिनिटांत. गोंधळ होतो तो झेरॉक्समुळे. दहा तिकिटं करून चार-चार प्रती काढल्या की चौघी एकदम 'हाऊस' ओरडतात आणि बक्षीस एक. प्रत्येक तिकीट वेगळं हवं, आणि बोललेले शब्द फळ्यावर लिहायला एक माणूस. पेनं देऊ नका, कुठलं तरी चालत नाहीच. पेन्सिली अर्ध्या करून द्या. ताटात वस्तू झाकून आठवायचा खेळ अठरा-वीस वस्तूंचा आणि एक मिनिटाचा, त्यापुढे जाऊ नये, कंटाळा येतो.

दोऱ्याने पोटाचा घेर ओळखायचा खेळ आम्ही यादीतून काढला. चाळीसजणींपुढे कोणाच्या अंगाची मापं कशाला? फुगे फोडण्याचा खेळही नाही, आवाजाने दचकायला होतं. शोभेचे फुगे हवे असतील तर दहा इंची फुगा नऊ इंचच भरा आणि अंगणात ठेवू नका, एप्रिलच्या उन्हात ते आधी मळकट होतात आणि मग एकेक फुटतात.

पेढा-बर्फी राहू द्यावी, ती गंमत आहे. वाट्या सारख्या, झाकणं सारखी, आणि बर्फी वाटीपेक्षा लहान कापलेली. झाकण वर उचललं गेलं की सगळ्यांना आतलं कळतं. वाट्या आधी तासभर मांडून ठेवू नका, मुंग्या तुमच्या आधी निकाल लावतात. पण अलीकडे मुंबईहून आलेली मुलं निळ्या-गुलाबी पावडरचा फुगा मागतात, खरं काय ते फोडून सांगायला. ते आम्ही करत नाही. 1994 च्या कायद्याने गर्भाचं लिंग तपासून सांगणं गुन्हा आहे, डॉक्टरलाही आणि विचारणाऱ्यालाही. कार्यक्रम हातचा गेला तरी चालेल. तो फुगा इथे कोण देतं हे आम्हाला माहीत आहे, तुम्हालाही असेल.

क्रम विचाराल तर औक्षण, ओटी, गाणी, खेळ, जेवण. सगळ्या बायका एकामागून एक ओटी भरू लागल्या की तास जातो आणि मांडीवर नारळ-गव्हाचं ओझं साचतं. शेजारी परडी ठेवा, दर ओटीनंतर ती रिकामी करा. ओटी सवाष्णींनीच भरायची की सगळ्यांनी, हा प्रश्न घरच्यांनी आधीच सोडवावा, पाटापुढे वाद नको. आमच्या यादीत सगळ्यांचीच नावं असतात. झोपाळ्यावर वीस मिनिटं, त्यापुढे पाठ टेकायची खुर्ची आणि पायाखाली पाट. झोपाळ्याला पाठ नसते, हे फोटोवाल्यांना कोणी सांगावं. जेवण आम्ही करत नाही. वीज जाईल हे धरून चाला, गाण्यांसाठी बॅटरीवरचा स्पीकर ठेवा.

झोपाळा आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही. कोणाकडूनही घ्या, पण फुलं चढण्याआधी चेक नट बघायला मागा, साखळीत एस हूक दिसला तर परत पाठवा, आणि घरातल्या सगळ्यात जाड्या काकांना आधी बसवा. आमचे कामगार काका उठेपर्यंत पाना खाली ठेवत नाहीत.